झिजण्याचे स्तोम

निवृत्त होणाऱ्या सरकारी नोकराच्या निरोपसमारंभास जो दोनचार वेळा गेला आहे, त्यास तेथील भाषणे मुखोद्गत असतात. शाल, श्रीफळ, हार, आणि मग ठरलेले वाक्य : अमुक साहेब चंदनासारखे झिजले. त्यापाठोपाठ दुसरे : पस्तीस वर्षांत त्यांनी हक्काची रजासुद्धा घेतली नाही. टाळ्या बहुधा या दुसऱ्या वाक्यास पडतात. बदली होऊन परप्रांतात आलेल्या आम्हां मराठी नोकरांनी इतर पुष्कळ गोष्टी घरी ठेवल्या, पण ही उपमा मात्र वळकटीत बांधून आणली. आणि बंगळुरात, म्हणजे चंदनाच्याच मुलखात, ती अधिकच फोफावली. उपमा देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही. चंदन आपण होऊन झिजत नाही. ते दुसऱ्याच्या हाताने सहाणेवर उगाळले जाते, खोडास कोणी विचारीत नाही, आणि गंध लागते ते भलत्याच्याच कपाळी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ही स्तुती बंद व्हावी. स्वतःच्या शरीरास आणि मनास रोजचा थोडा वेळ देणे हा चैनीचा अथवा स्वार्थाचा विषय नसून तो नोकरीच्याच हिशेबातला भाग आहे. आणि जो तो हिशेब ठेवीत नाही, त्याचा सत्कार करण्याऐवजी त्यास निदान प्रश्न तरी विचारला जावा.

हिशेबाची गोष्ट निघालीच आहे, तर रजेपासून आरंभ करू. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा-नियमांप्रमाणे आम्हांस वर्षाकाठी ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारीस १५ आणि १ जुलैस १५ अशी ती आगाऊ खात्यावर जमा होते. खात्यात जास्तीत जास्त ३०० दिवस साठू शकतात. ही मर्यादा पूर्वी २४० दिवसांची होती, ती पाचव्या वेतन आयोगानंतर वाढली. निवृत्त होताना या साठलेल्या दिवसांचे रोख पैसे मिळतात, आणि मुलीचे लग्न किंवा घराचा शेवटचा हप्ता डोळ्यांसमोर ठेवून आम्ही एकेक दिवस गाठीस बांधीत जातो. साठविण्यास आमची हरकत नाही. परंतु पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागलेल्या माणसाने एकही दिवस घेतला नाही, तर पस्तिसाव्या वर्षी त्याचे खाते तुडुंब भरते. पुढील २५ वर्षे दरसाल ३० दिवस येतात आणि बुडतात. गुणाकार केला तर ७५० दिवस होतात, म्हणजे आयुष्याची दोन वर्षे आणि वर थोडे. कोणी म्हणेल, हे उदाहरण टोकाचे झाले. ठीक, निम्मी रजा घेणारा समंजस माणूस घ्या. त्याचे खाते वीस वर्षांनी भरते आणि उरलेल्या १५ वर्षांत त्याचे २२५ दिवस बुडतात. या बुडालेल्या दिवसांचा पैसा मिळत नाही, पेन्शनीत त्यांची भर पडत नाही, गोपनीय अहवालात त्यांची नोंदही होत नाही. जयनगरच्या मंडईत पाच रुपयांसाठी भाजीवाल्याशी घासाघीस करणारा आमचा कारकून सरकारास साडेसात महिने फुकट देऊन टाकतो, आणि त्यास काटकसर म्हणतो!

यावर वरिष्ठांचे एक ठरलेले उत्तर असते, की रजा हा हक्क नव्हे. नियम ७ मध्ये तसे लिहिले आहे खरे. परंतु त्याच नियमात पुढे असेही आहे, की रजा नाकारावयाची ती सार्वजनिक सेवेची निकड असेल तेव्हा. आणि जी रजा देय आहे व जी मागितली आहे तिचा प्रकार, नोकराने लेखी विनंती केल्यावाचून, मंजूर करणाऱ्यास बदलता येत नाही. हा उत्तरार्ध कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही. आणि खरे सांगावयाचे तर, नाकारलेल्या रजांपेक्षा न मागितलेल्या रजाच आम्ही अधिक पाहिल्या आहेत. निकडीची ढाल बहुतेक वेळा आमच्याच हातात असते.

आमच्या ओळखीचे एक वरिष्ठ सहकारी होते. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखे. कुटुंब गावी, स्वतः येथे एका खोलीत. त्यांच्या खात्यावर अकरा वर्षे ३०० चा आकडा हलला नव्हता, आणि ते तो अभिमानाने सांगत. निवृत्तीस आठ महिने उरले असता एका सोमवारी सकाळी त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. पण तो मोजण्यास जाण्याइतकी सवड त्यांस कधी सापडली नव्हती. त्यांनी नोकरीत घेतलेली पहिली लांब रजा ती. अर्ज त्यांच्या पत्नीने लिहिला, सही डाव्या हाताच्या अंगठ्याची. निरोपसमारंभास त्यांस चाकाच्या खुर्चीतून आणले होते, आणि वक्त्याने त्या वेळीही चंदनाचे नाव घेतलेच. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. टाळ्या पडल्या.

हे स्तोम माजले कशाने? आमच्या मते, आमच्या थोर पुरुषांची चरित्रे आम्ही चुकीच्या बाजूने वाचली. बंगळुरात बसवनगुडीस बुल टेंपल रस्त्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची एक संस्था आहे; कन्नड पंडित डी. व्ही. गुंडप्पांनी ती १९४५ साली स्थापिली. मराठी माणूस तेथे गेला, की त्याची मान अभिमानाने ताठ होते, आणि ते योग्यच आहे. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले, त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ होते. त्यांस मधुमेह जडला होता. इन्सुलिन प्रथम रुग्णास दिले गेले ते १९२२ साली. तेव्हा त्या काळी पथ्य आणि विश्रांती यांवाचून फारसे औषधच नव्हते. अशा प्रकृतीत ते १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले, आणि त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनचे काम शेवटपर्यंत ओढीत राहिले. योगायोग पाहा : ते कमिशन आम्हां नोकरदारांच्याच प्रश्नांचे होते. गांधीजी आफ्रिकेहून हिंदुस्थानात परतले ते ९ जानेवारी १९१५ रोजी, आणि पुढल्या दीड महिन्याच्या आत त्यांचे राजकीय गुरू नाहीसे झाले. आम्ही शाळेत यास त्याग म्हणून शिकलो. त्याग तर होताच. परंतु ती हानीही होती, देशाची फार मोठी हानी होती, हे कोणत्या गुरुजींनी सांगितले? गोखल्यांसमोर देश होता. आमच्यासमोर तिमाही विवरणपत्र असते. दोहोंस एकच उपमा लावणे हा गोखल्यांचाही अपमान आहे.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर मग याच शहरातील नवी घ्या. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांस आठवड्यास ७० तास काम करण्याचा उपदेश केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो ९० तासांवर, रविवारसकट, नेला. (इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्मली, हे आम्ही मराठी लोक एरव्ही अगत्याने सांगतो, या प्रसंगी कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.) मूर्तींनी स्वतः उदंड काम केले आणि मोठी संस्था उभारली, हे कोण नाकारील? परंतु स्वतःच्या मालकीच्या कामात घालविलेले ७० तास आणि दुसऱ्याच्या नोकरीत घातलेले ७० तास यांचा रंग एक नसतो. आणि शरीरास तर मालकीही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासात आढळले, की आठवड्यास ५५ तास वा त्याहून अधिक काम करणारांस, ३५ ते ४० तास काम करणारांच्या तुलनेने, मेंदूच्या झटक्याचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामामुळे जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. आमच्या सहकाऱ्याचा अंगठा आम्हांस हे आकडे वाचताना आठवला.

यावर लोक हसतील. म्हणतील, सरकारी कारकुनास कसला आला ताण? पाच दिवसांचा आठवडा तर १९८५ पासूनच आहे. नऊ ते साडेपाच, मधे अर्धा तास जेवण, एकूण ४० तास! कागदावर हे खरे आहे. पण कचेरीचा दिवस कचेरीत सुरू होत नाही. २०२२ च्या एका जागतिक पाहणीत बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे लागतात असे निघाले, आणि मंदगतीत शहराचा क्रम जगात दुसरा लागला. मेट्रो आली, वाढली. तरी स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता आमच्याच नशिबी राहिला. बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र सकाळचे मिनिट मोजते, संध्याकाळचा तास मोजीत नाही. आणि साडेपाचनंतर काम कचेरीतून उठून खिशात येऊन बसते. रात्री साडेदहास फोनवरील कार्यालयीन गटात साहेबांचा निरोप येतो, 'उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवावी'. त्याखाली अकरा जण हात जोडल्याची चित्रे टाकतात, आणि बारावा, ज्याच्याकडे ती माहिती असते, तो झोपेतून उठतो. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत असे विधेयक मांडले होते, की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या फोनास उत्तर न देण्याचा अधिकार नोकरास असावा. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. कायदा होईल तेव्हा होवो. साडेदहाच्या निरोपास हात न जोडण्यास आज कोणता नियम आड येतो, ते आम्हांस समजावून सांगावे.

सरकारास या प्रश्नाची जाणीव नाही असे नव्हे. आयुष मंत्रालयाने 'वाय-ब्रेक' नावाचा पाच मिनिटांचा योगपाठ तयार केला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कार्मिक विभागाने तो साऱ्या कचेऱ्यांतून रूढ करण्याविषयी कळविले. पाठ चांगला आहे. परंतु टेबलावरील फाइलींचा ढीग तोच ठेवून मानेस पाच मिनिटे डावीउजवीकडे वळविल्याने ढीग कमी होत नाही, एवढे तरी कबूल व्हावे. आमच्या केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यांस आता 'वेलनेस सेंटर' म्हणतात. तेथे आजारी पडल्यावाचून कोणी पाऊल ठेवीत नाही, ही गोष्ट निराळी. बाजाराने तर याच प्रश्नाची दुकाने थाटली आहेत. इंदिरानगरापासून व्हाइटफील्डपर्यंत तेलमालिशीचे आणि सुगंधी मेणबत्त्यांचे जे स्वास्थ्य विकले जाते, त्याची एका तासाची किंमत ऐकूनच कारकुनाचा रक्तदाब वाढावा! ताण देणारी व्यवस्था आणि उतारा विकणारी व्यवस्था एकच असावी, अशी शंका आम्हांस अधूनमधून येते.

आणखी एक आक्षेप आमच्याच मंडळींकडून येतो : स्वतःची काळजी घेणे ही साहेबी कल्पना आहे, आमच्या संस्कृतीत ती नव्हती. हे मात्र निव्वळ अज्ञान होय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे आणि अंगास रोज तेल लावण्याचा उपदेश तेथे आहे. चौथ्या अध्यायात शरीराचे तेरा वेग सांगितले आहेत, जे दाबून धरू नयेत. त्यांत भूक आहे, तहान आहे, झोप आहे, श्रमाने लागलेली धाप आहे आणि डोळ्यांतले अश्रूही आहेत. आमच्या कचेऱ्यांत यांपैकी निदान पाच वेग रोज नेमाने दाबले जातात, आणि दाबणाऱ्यास कर्तव्यदक्ष म्हणतात. दुपारच्या घटकाभर डाव्या कुशीवर लवंडण्यास 'वामकुक्षी' असा स्वतंत्र शब्द ज्या भाषेने राखला, त्या भाषेच्या लेकरांनी विश्रांतीस परकी म्हणावे?

विधानसौधाच्या दर्शनी भागावर कन्नडमध्ये कोरलेले आहे, की सरकारचे काम हे देवाचे काम. केंगल हनुमंतय्यांच्या कारकिर्दीत उभी राहिलेली ही इमारत १९५६ साली पुरी झाली, आणि ते वाक्य तेव्हापासून नोकरांस ऐकविले जाते. आम्ही म्हणतो, मान्य. पण देवाचे वेळापत्रक पाहिले आहे काय? पंढरपुरी विठोबास रोज रात्री शेजारती होते, देव झोपतो. आषाढीच्या यात्रेत मात्र देवाचा पलंग काढतात, दर्शन रात्रंदिवस चालू राहते, आणि देवही अहोरात्र उभा असतो. परंतु यात्रा सरली, की प्रक्षाळपूजा होते. देवास ऊन पाण्याने स्नान घालतात, त्याचा शिणवटा काढतात, रात्री औषधी काढा देतात आणि पलंग पुन्हा आत येतो. कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे उभा राहिलेला जो देव, त्यासही जादा कामानंतर रजा आहे, आणि ती त्यास मागावी लागत नाही. मार्चअखेरीची यात्रा आटोपल्यावर आमच्या एखाद्या विभागात कधी प्रक्षाळपूजा झाली आहे काय?

येथपर्यंत आम्ही पुरुषांविषयी बोललो; आता जे बोलावयाचे ते पुरुषांस रुचणार नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत आढळले, की घरकामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी दिवसाकाठी २८९ मिनिटे देते, आणि पुरुष ८८. म्हणजे जो सद्‌गृहस्थ सकाळी लालबागेत फेरफटका मारून ताजातवाना होऊन येतो, त्याच्या त्या तासाची किंमत स्वयंपाकघरात कोणी तरी भरलेली असते. आमच्या कचेऱ्यांतील भगिनी पहाटे पाचास उठून दोन डबे भरतात, हजेरीयंत्रावर आमच्याच मिनिटास बोट ठेवतात, आणि संध्याकाळी आम्ही 'दमलो' म्हणून खुर्चीत बसतो तेव्हा कुकर लावतात. घरचे सगळे जेवल्यावर मागे उरलेले जेवणाऱ्या बाईस आम्ही अन्नपूर्णा म्हणतो. तीही चंदनाचीच एक जात. स्वतःसाठी वेळ काढावा असे सांगणारे लेख पुष्कळ निघतात, पण तो कोणाच्या वेळातून काढावा हे त्यांत नसते. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : पुरुषाने आपला अर्धा तास कचेरीकडून, फोनाकडून किंवा मंडळाच्या समित्यांकडून घ्यावा, बायकोकडून घेऊ नये, आणि त्याआधी तिचा अर्धा तास तिला परत करावा. (समित्यांविषयी जाता जाता : गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब रात्री बारापर्यंत जुळविणे यास विरंगुळा म्हणणारे लोक आमच्या पाहण्यात आहेत. त्यांस आमचा नमस्कार.)

अर्धा तासच का? कारण तो नियमातच आहे. नऊ ते साडेपाचमध्ये जेवणासाठी जो अर्धा तास आहे, तो आम्ही फाइल उघडी ठेवून, एका हातात पोळीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पेन धरून घालवितो. तो टेबलापासून दूर घालवावा. कब्बन पार्क ज्यांच्या कचेरीपासून चालत जाण्याइतके जवळ आहे त्यांस तर सबबच नाही. इतरांच्या आवारात एखादे झाड, निदान एखादा जिना असेलच. ज्यास चालावयाचे त्याने चालावे, ज्यास नुसते बसावयाचे त्याने बसावे. परभाषिक शहरात दिवसभर तोलूनमापून बोलावे लागते. त्याचा शीण निराळाच असतो. गावाकडच्या माणसास फोन लावून पंधरा मिनिटे मोकळे मराठी बोलणे हेही औषधच आहे. मात्र ज्याची झोपच उडाली आहे, ज्यास जगणे नकोसे वाटू लागले आहे, त्यास या अर्ध्या तासावर ठेवू नये. निम्हान्स याच शहरात १९७४ पासून उभी आहे. तिचे नाव काढताच आवाज खाली आणण्याची आमची सवय आता जावी. १४४१६ या क्रमांकावर सरकारचीच टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

रजेच्या अर्जात 'कोणत्या कारणास्तव' असा एक रकाना असतो. तेथे आम्ही सारे वर्षानुवर्षे 'घरगुती काम' असे लिहीत आलो. कोणाची मावशी दोनदा वारते, कोणाचे घर दरसाल गळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयाच्या एका तरुण लिपिक बाईंनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला : विश्रांती. अर्ज खालून वर आणि वरून खाली फिरला. एकाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले, दुसऱ्याने 'कृपया बोलावे' असा शेरा मारला. बाई बोलावयास गेल्या आणि कारण तेच आहे, म्हणून सांगून आल्या. चौथ्या दिवशी अर्ज मंजूर होऊन आला. पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह तेवढे खोडावयाचे राहून गेले होते.